चवथीला रंग, दिवाळीला पोपडे: चिऱ्याच्या भिंतीची ओल शोधणे आणि दुरुस्त करणे

तक्रार दरवर्षीचीच. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठ दिवसांवर आली की भिंत खरवडायची, पुट्टी भरायची, रंगाचे दोन हात मारायचे. गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधली जाते तेव्हा खोली चकचकीत दिसते. दिवाळी येईतो जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत रंगाला फोड आलेले असतात. नखाने उचकटले की पापुद्रा सुटतो आणि मागून पिठासारखी पांढरी पूड गळते. पुढच्या वर्षी पुन्हा तोच खर्च, फक्त डाग वीतभर वर चढलेला.

रंगाचा ब्रँड बदलून हे थांबत नाही, कारण बिघाड भिंतीच्या आत आहे. ऑगस्टमध्ये रंग मारणे म्हणजे भिजलेल्या भिंतीला प्लास्टिकचा कागद चिकटवणे. खालची सगळी माहिती गोव्यातल्या, पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, भार पेलणाऱ्या भिंतींसाठी आहे. वर कौले असोत की स्लॅब. काँक्रीटच्या खांब-तुळयांच्या इमारतींचे दुखणे वेगळे, तिथे लोखंडाचा गंज हा मुख्य रोग.

नेमके काय बिघडते

चिरा दिसतो दगडासारखा, पाणी पितो विटेसारखा. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. पण हा कडकपणा बराचसा वरच्या कातडीचा. कापलेला चिरा हातात घेऊन जवळून पाहा. तांबडी-तपकिरी कडक जाळी दिसते आणि जाळीच्या खणांत पिवळट-पांढरी मऊ माती. जाळी लोहाची, माती चिकणमाती. उघड्या भिंतीला झड लागत राहिली की माती धुऊन जाते आणि पोळ्यासारखी भोके उरतात. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस बॅसिलिकाच्या लाल भिंती पाहून अनेकांना वाटते, हेच तिचे मूळ रूप. मुळात तिच्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढला गेला आणि तेव्हापासून दर पावसाळा थेट चिऱ्यावर पडतो आहे. ‘हेरिटेज लूक’ म्हणून नव्या घरांच्या पश्चिमेच्या भिंती उघड्या ठेवणाऱ्यांनी तिथे जाऊन चिऱ्यांवरून एकदा नजर फिरवावी.

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. पाणी भिंतीत शिरणारच. शिरताना ते मातीतले, सिमेंटमधले, समुद्राच्या वाऱ्यातले क्षार विरघळवून आत नेते. पावसाळा संपला की पाणी पृष्ठभागाकडे येऊन उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पृष्ठभागाच्या जरा आत, सूक्ष्म छिद्रांत, त्यांचे स्फटिक वाढतात आणि वरचा थर ढकलून पाडतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो.

थंड देशांत हेच काम बर्फ करतो. विटेत शिरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि हिवाळ्यात गोठणे-वितळणे चालू राहिले की विटेचा दर्शनी भाग बशीसारखा उडतो. धुराड्याचे आणि कठड्याचे नुकसान तिथे सर्वांत आधी होते, कारण ते दोन्ही बाजूंनी उघडे. इंग्लंडमधल्या स्विंडनसारख्या गावात जुने विटांचे घर घेतलेल्या गोंयकारांना हे ठाऊक असेल. तिथेही मूळ पाणीच, आणि तिथेही विटेपेक्षा कडक सिमेंटने सांधे भरले की विटा फुटतात. फरक एवढाच की तिथे चुन्याचे काम थंडी सरल्यावर करतात आणि ५ अंशांखाली पारा गेला की थांबवतात. आपल्याकडे ते पाऊस सरल्यावर करायचे आणि कडक उन्हापासून जपायचे. मात्र तिकडचे व्हिडिओ पाहून पारदर्शक ‘सीलर’ची बादली आणणे इथे महागात पडते. पाण्याला मागे ढकलणारे चांगले सीलर वाफ जाऊ देतात, हे खरे. पण आत आधीच क्षार असतील तर पाणी सीलरच्या थरामागेच सुकते, स्फटिक तिथे जमतात आणि सीलर लावलेली अर्ध्या इंचाची कातडी अखंड सुटून पडते.

ओल कुठून येते

हे ठरवल्याशिवाय छिन्नीला हात लावू नये. डागाची उंची आणि दिशा बहुतेक उत्तर देऊन टाकते.

जमिनीपासून दोन ते चार फुटांपर्यंत, आतल्या भिंतींनाही, वर पांढरट-तपकिरी लाटेसारखी कड: पाणी पायातून चढते आहे. जुन्या घरांना पायात ओलरोधक थर नसतोच. पूर्वी चालत होते, कारण जमीन शेणाची किंवा मातीची होती. खालची वाफ अख्ख्या खोलीभर उडून जायची. तिथे काँक्रीट ओतून वर व्हिट्रिफाइड फरशी बसवली की त्या वाफेला भिंतींखेरीज वाट उरत नाही. फरशी बदलल्यावर दोन-तीन वर्षांत भिंती ओल्या होऊ लागल्या असतील तर संशय इथेच घ्यावा. दुसरे कारण बाहेर असते. रस्त्यावर दरवेळी डांबराचा नवा थर चढतो, अंगणात पेव्हर बसतात, आणि एके दिवशी बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या बरोबरीने येते.

फक्त बाहेरच्या भिंतीला, जमिनीपासून दीड फुटापर्यंत: हे पागोळ्यांचे शिंतोडे. वळचणीवरून पडणारे पाणी पेव्हरवर आपटून भिंतीवर उडते. उपाय सगळ्यांत स्वस्त, तरी कोणी करत नाही.

पश्चिम किंवा नैऋत्येच्या भिंतीला, मधल्या उंचीवर, झडीच्या दुसऱ्या दिवशी गडद होणारे डाग: पाऊस आरपार येतो आहे. बाहेरच्या सिमेंट गिलाव्याला केसासारख्या भेगा असतात. पाणी तिथून आत जाते आणि घट्ट सिमेंटमुळे बाहेर येऊ शकत नाही. पूर्वी मिरगाआधी या बाजूला झावळ्यांचे विणलेले झाप बांधत. आता हिरव्या जाळीचे किंवा पत्र्याचे आडोसे दिसतात. दिसायला बेंगरूळ, पण उपयोगी.

वर, छपराजवळ: कौल सरकलेले किंवा फुटलेले, दोन छपरांच्या मधल्या पन्हळीत पाला अडकलेला, किंवा स्लॅबचा उतार चुकलेला. भिंतीशी भांडू नये, वर चढून पाहावे.

न्हाणीघर, स्वयंपाकघर किंवा टाकीजवळ एकच डाग, तोही एप्रिल-मेमध्ये: पाइप गळतो. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी तो पुढे गेला असेल तर शोध संपला.

कपाटामागे, कोपऱ्यात, काळी बुरशी आणि कुबट वास, पण पांढरी पूड नाही: बहुधा हवेतली वाफ. खात्रीसाठी भिंतीचा तो भाग पुसून कोरडा करा आणि एक फूट लांबी-रुंदीचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. ४८ तासांनी सोडवून पाहा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून, खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतून. दुसऱ्या प्रकारात गवंडी नको. कपाट चार इंच पुढे ओढा, खिडकी उघडा आणि पंखा लावा.

एक फसवे लक्षण वेगळे सांगायला हवे. पाऊस थांबून चार दिवस झाले, गळती कुठेच नाही, तरी दमट दिवशी भिंतीचा ठरावीक पट्टा ओला दिसतो आणि उन्हे कडक झाली की सुकतो. हा पट्टा क्षारांचा. क्लोराइड आणि नायट्रेट हवेतलीच ओल शोषतात. मोरजी, कळंगुट अशा किनाऱ्यालगतच्या घरांत क्लोराइड असतात, आणि जिथे पूर्वी गोठा होता त्या खोलीत नायट्रेट. अशा भिंतीचे पाणी तोडले तरी क्षार काढल्याशिवाय डाग जात नाही.

पांढऱ्या पुडीची ओळख सोपी आहे. ब्रशने चमचाभर झाडून ग्लासभर पाण्यात टाका. विरघळली तर क्षार. तळाशी बसली आणि व्हिनेगर टाकल्यावर फसफसली तर चुना, म्हणजे गिलाव्यातून सुटलेला माल.

भेगा

ओलीइतकेच पाणी भेगांतून येते, म्हणून त्यांचीही चौकशी याच वेळी करावी. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख लिहा. मधोमध काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना इपॉक्सीने चिकटवा. पुढच्या पावसाळ्यात काच तडकली तर भेग जिवंत आहे, ती भरून उपयोग नाही.

स्लॅबच्या खालोखाल आडवी जाणारी भेग फार घरांत सापडते. कौलांचे छप्पर काढून चिऱ्यांवर थेट स्लॅब टाकला की हे होतेच. काँक्रीट एक अंश तापमानवाढीला दर मीटरमागे सुमारे ०.०१ मिलिमीटर वाढते. १० मीटर लांबीचा स्लॅब दिवसात २० अंशांनी तापला तर २ मिलिमीटर सरकतो. चिरा एवढा सरकत नाही, म्हणून सांधा फाटतो. सिमेंटने भरला की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फाटणार. ती भेग अर्धा इंच रुंद खाच करून लवचिक पॉलियुरेथेन सीलंटने भरावी, आणि स्लॅबवर पांढरा परावर्तक रंग द्यावा, म्हणजे तापणेच कमी होते.

जुन्या घराला नवी खोली जोडलेल्या जागी उभी भेग पडते, कारण चिऱ्यांची दातरी एकमेकांत गुंफलेली नसते आणि नवा पाया अजून बसत असतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी भेग लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, वाकल्याची किंवा पाया खचल्याची. लिंटेलमध्ये सळी असेल आणि भेगेतून तांबडा ओघळ येत असेल तर गंज. गंजलेले लोखंड मूळच्या कितीतरी पट फुगते आणि वरचा थर फोडते. भेग ५ मिलिमीटरहून रुंद असेल, ओळंबा सोडल्यावर एका मजल्यात भिंत इंचभराहून अधिक झुकलेली दिसली, भिंतीला पोट आले असेल किंवा दरवाजे अचानक अडकू लागले असतील, तर पुढचे काही वाचू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आधी पाणी तोडा

निम्मी दुरुस्ती भिंतीला हात न लावता होते. हे काम मे महिन्यात, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीबरोबरच उरकावे. फुटकी कौले बदला, पन्हळी साफ करा, वळचण किमान दोन फूट पुढे असू द्या. पन्हळीचे पाणी भिंतीच्या पायाशी न सोडता पाइपाने दूर न्या.

भिंतीलगतचे पेव्हर किंवा काँक्रीट दीड फूट रुंदीने उखडा. सहा इंच खोल चर खणा, तळाला घरापासून बाहेर उतार द्या आणि २० ते ४० मिलिमीटरची खडी भरा. खडीवर पडलेली पागोळी उडत नाही, आणि पायाजवळची जमीन श्वास घेते. १० मीटर लांब भिंतीला साधारण पाऊण घनमीटर खडी लागते. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान सहा इंच खाली हवी. अंगणाला दर मीटरला ५ सेंटिमीटर उतार पुरतो. पायात चर खणताना पायाच्या तळाखाली जाऊ नये. जुन्या घरांचा पाया अनेकदा दोन-अडीच फूटच असतो.

भिंतीत भोके पाडून ओलरोधक रसायन भरण्याची सेवा इथेही मिळते. सरळ थरांच्या विटांच्या भिंतीत तिचा थोडाफार उपयोग होतो. चिऱ्यात आतल्या पोकळ्या वाकड्यातिकड्या असतात. औषध कुठल्या भोकातून कुठे वाहून जाईल ते सांगता येत नाही, आणि सलग पडदा तयार होत नाही. तोच पैसा खडीच्या चरात आणि चुन्यात घालावा.

सिमेंट काढणे आणि भिंत सुकवणे

खराब गिलावा दिसतो तेवढाच काढून भागत नाही. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. पोकळ, बद्द आवाज येतो तिथवर तो सुटलेला आहे. पांढऱ्या कडेच्या वर आणखी एक फूट जाऊन तिथे सरळ आडवी रेघ मारा आणि खालचे सगळे काढा. ब्रेकर मशीन वापरू नये. सिमेंट चिऱ्यापेक्षा कडक असल्याने यंत्राच्या धक्क्याने चिऱ्याची कडक कातडी गिलाव्याबरोबर येते आणि मऊ गाभा उघडा पडतो. छिन्नी आडवी धरून, सांध्याकडून सुरुवात करून, पापुद्रा उचकटावा. सांध्यातले सैल सिमेंट किंवा माती इंचभर खोल खरवडून काढावी.

आता धीर धरायचा. भिंत सुकायला ढोबळमानाने इंचाला महिना लागतो; नऊ इंचांच्या भिंतीला दोन्ही बाजू उघड्या असतील तर चार-पाच महिने. म्हणजे ऑक्टोबरमध्ये खोलायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये गिलावा करायचा. गवंडी म्हणेल, आठवड्यात उरकून देतो. तसे उरकले की पुढच्या दिवाळीला हाच लेख पुन्हा शोधावा लागतो.

सुकताना भिंतीवर लोणा फुलून येईल. येऊ द्यावा. दर पंधरा दिवसांनी कोरड्या ताठ ब्रशने झाडा, खाली ताडपत्री अंथरून पूड गोळा करा आणि घराबाहेर टाका. पाण्याने धुऊ नये. धुतले की क्षार विरघळून पुन्हा आत जातात. हीच चूक सर्वांत जास्त होते, कारण धुतल्यावर भिंत चार दिवस स्वच्छ दिसते.

क्षार फार असतील तर लगदा लावावा: एक भाग पांढरी चिनी माती, एक भाग गोड्या पाण्याने धुतलेली बारीक रेती, एक भाग भिजवून कुटलेल्या कागदाचा लगदा, आणि इडलीच्या पिठाहून घट्ट होईल इतके स्वच्छ पाणी. भिंत हलकी ओलवून अर्धा ते पाऊण इंच जाड थापा. दोन-तीन आठवड्यांत तो सुकून आपोआप सुटू लागतो आणि क्षार ओढून घेतो. काढून फेका, पुन्हा नवा लावा. दोन-तीन वेळा करावे लागते. बोअरचे खारट पाणी यासाठी चालणार नाही.

चुना

सांधा आणि गिलावा चिऱ्यापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र हवा. मग पाणी आणि क्षार दोन्ही गिलाव्यातून बाहेर येतात, आणि झिजायचा तो गिलावा झिजतो. चिरा बदलण्यापेक्षा गिलावा बदलणे केव्हाही स्वस्त.

चुना भिजवलेला, लोण्यासारखा हवा. कळीचा चुना आणला असेल तर आधी पाणी, मग त्यात चुना. कधीही चुन्यावर पाणी ओतू नये. उकळी फुटते, थेंब उडतात, डोळा जाऊ शकतो. चष्मा, रबरी हातमोजे, लोखंडी पिंप, जवळ मुले-गुरे नकोत. गार झाल्यावर चाळणीतून गाळून पिंपात ठेवा, वर दोन इंच पाणी राहू द्या. तीन आठवडे ही किमान मुदत. तीन महिने मुरला तर आणखी चांगला. पिशवीतली चुना-पूड वापरणार असाल तर पॅकिंगची तारीख पाहा. पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी मेलेली असते. चमचाभर पुडीवर व्हिनेगर टाका; जोरात फसफसले तर चुना हवेतच पुन्हा दगड झाला आहे, तो पायवाटेवर टाका.

रेती टोकदार कणांची, धुतलेली हवी. मांडवी, झुवारी, शापोरा या नद्यांच्या भरतीच्या पट्ट्यातली रेती खारी असते. तीच वापरली तर आपणच विकत लोणा आणला. बरणीत रेती आणि पाणी घालून हलवा, तीन तास ठेवा. १० सेंटिमीटर रेतीवर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड गाळ बसला तर धुवा.

प्रमाण मापाने: आतल्या भिंतीला १ चुना, ३ रेती. बाहेरच्या आणि पायाजवळच्या भागाला १ चुना, १ सुरखी, २ रेती. सुरखी म्हणजे भट्टीत नीट भाजलेल्या विटांची बारीक पूड. ती चुन्याला ओलीतही घट्ट व्हायला मदत करते. गूळ घालायची जुनी पद्धत आहे. घातला तर अगदी थोडा, जास्त झाला की माल बसतच नाही. सिमेंट मात्र ‘थोडेसे, लवकर सुकायला’ म्हणूनही घालू नये. अशा मिश्रणात ना धड चुना पकडतो, ना धड सिमेंट.

१०० चौरस फूट भिंतीला २० मिलिमीटर जाडीचा गिलावा, खड्डे भरण्यासह: सुमारे ८० लिटर भिजलेला चुना आणि २४० लिटर, म्हणजे साडेआठ घनफूट, रेती. त्याच भिंतीच्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, इंचभर खोल भरायला वेगळा ३० लिटर माल धरा.

काम असे चालते. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी भिंतीवर पाणी शिंपडा. ती दमट हवी, वाहती नको. आधी दर्जा भरा, माल घट्ट ठेवून थापीच्या टोकाने दाबत. मोठ्या सांध्यात चिऱ्याच्या चिपा ठोका. दुसऱ्या दिवशी पातळ मालाचा छिटा मारा, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत होतो. मग पहिला थर, १० मिलिमीटरहून जाड नाही. नखाने ओरखडा उमटतो पण बोट रुतत नाही, इतका तो बसू द्या. आठ-दहा दिवस लागतात. त्याआधी लाकडी रंध्याने एकदा पुन्हा दाबून घासा, सुकताना पडलेल्या भेगा मिटतात. दुसरा थर तसाच. शेवटी चाळलेल्या रेतीचा २-३ मिलिमीटरचा हात. गुळगुळीत लोखंडी थापीने घोटू नये, त्याने छिद्रे बुजतात. प्रत्येक थरानंतर आठवडाभर ओले गोणपाट लावा, दिवसातून दोन-तीन वेळा हलका फवारा द्या. मार्चमध्ये दुपारचे ऊन थेट लागले तर चुना पिठासारखा भुरभुरीत होतो. पश्चिमेच्या भिंतीवर सावलीची जाळी बांधाच.

कुजलेला चिरा बदलणे

खिळा चिऱ्यावर दाबून ओढा. ओरखडा उमटला तर ठीक. खिळा बोटभर आत गेला तर चिरा गेला. दीड-दोन इंचांपर्यंतचे खड्डे १ चुना, १ चिऱ्याची पूड, २ रेती या मिश्रणाने, थराथराने भरता येतात. कडा आतून रुंद कोरल्या तर भरलेला माल निसटत नाही. त्याहून खोल असेल तर चिरा बदलावा.

लगतचे दोन चिरे एकाच वेळी काढू नयेत. एक काढा, नवा बसवा, निदान आठवडाभर थांबा, मग पुढचा. वरचा भार मोठा असेल, म्हणजे तुळई किंवा वासा तिथेच टेकत असेल, तर आधी लाकडी टेकू. नव्या चिऱ्याचे सांधे घट्ट मालाने भरून वरच्या बाजूला चिपा ठोकाव्यात; तिथे पोकळी राहिली तर भार शेजारच्या चिऱ्यांवर जातो आणि महिन्याभरात वर भेग दिसते.

विकत घेताना चिरा ठोकून पाहा, खणखणीत वाजला पाहिजे. पिवळ्या-पांढऱ्या मातीचे मोठे गोळे असलेला नको. भारतीय मानक आयएस ३६२० नुसार चिऱ्याने वजनाच्या १२ टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये. घरी करायची चाचणी: आठवडाभर उन्हात सुकवलेला चिरा वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. २८ किलोचा चिरा ३१.४ किलोच्या वर गेला तर तो पायाजवळ वापरू नका. खाणीतून ताजा आलेला लगेच लावण्यापेक्षा काही महिने हवा खाऊ द्यावी.

भिंतीच्या डोक्यावर वड-पिंपळाचे रोप दिसले तर ओढून काढू नये. मुळे चिरे सैल करून येतात. बुंध्याशी कापा, खोडाला भोक पाडून त्यात तणनाशक भरा, आणि मूळ मेल्यावरच सांधा खोला. पणजीच्या फोंताइन्हाससारख्या संरक्षित भागात घर असेल तर दर्शनी भिंतीचे काम काढण्याआधी परवानगी घ्यावी.

वर काय लावायचे

नव्या चुन्यावर पुट्टी नको, प्लास्टिक रंग नको, ‘वॉटरप्रूफ’ रबरी लेप तर मुळीच नको. चुन्याचेच पातळ हात द्या: भिजलेला चुना दुधासारखा पातळ करून, चार-पाच वेळा, दर हातामागे एक दिवस सोडून आणि भिंत किंचित ओलवून. पहिले दोन हात पारदर्शक दिसतात. घाबरून घट्ट करू नये, घट्ट चुना पापुद्र्याने सुटतो. रंग हवा असेल तर चुन्यात टिकणारे मातीचे रंग, गेरू किंवा पिवळी माती, चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. चुना हाताला लागतो अशी तक्रार असेल तर आत सिलिकेट रंग चालेल. महाग, पण वाफ जाऊ देतो.

पायाशी आतून सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगचा चार फुटी पट्टा मारण्याचा सल्ला जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळतो. वर्षभर तो पट्टा सुंदर राहतो. तिसऱ्या वर्षी पट्ट्याच्या वर, पाच-साडेपाच फुटांवर, नवी पांढरी कड उमटते. वाट बंद केलेले पाणी आणखी वर चढले, एवढेच झाले.

दुरुस्तीनंतरचा पहिला पावसाळा

थोडा लोणा पहिल्या वर्षी नव्या गिलाव्यावर येणारच. आत उरलेले क्षार बाहेर पडत असतात. डिसेंबरमध्ये कोरडा ब्रश फिरवा, चुन्याचा एक हात द्या. क्षार फार असलेल्या खोलीत, विशेषतः जुन्या गोठ्याच्या जागी, पहिला गिलावा बळीचा समजावा: दोन पावसाळे राहू द्या, भुरभुरीत झाला की पुन्हा काढून नवा करा. चुन्याचा गिलावा हाताने खरवडून निघतो, दुसऱ्या वेळचा खर्च पहिल्याच्या निम्माही येत नाही.

ओलीच्या कडेवर पेन्सिलीने रेघ आणि तारीख टाकून ठेवा, कपाटाच्या आडोशाला, म्हणजे दिसायलाही नको. दुसऱ्या पावसाळ्यानंतर रेघ खाली आली असेल तर भिंत सुकते आहे, काही करू नका. तिथेच असेल तर आधी खडीचा चर उकरून पाहा; बहुतेक वेळा तो गाळाने बुजलेला असतो किंवा कोणीतरी त्यावर कुंड्या मांडून रोज पाणी घालत असते. रेघ वर चढली असेल आणि चर मोकळा असेल, तर पाणी आतूनच येते आहे: न्हाणीघराच्या फरशीखालचा सांडपाण्याचा पाइप उघडून तपासा.